पावसाळ्यात जुनी घरं आणि दीपगृहं बघायला सोलापूरहून कोकणात जावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑगस्टमध्ये तुम्हा दोघांना जोडून पाच दिवस सुट्टी मिळतेय. तुम्हाला जुनी कोकणी घरं बघायचीत, दाजींना दीपगृहांचं वेड. गाडी घरची, चालवणार दाजी, घाटाची सवय फारशी नाही, आणि तुमचा एक गुडघा कुरकुरतो. कोर्लई, मुरूड, हर्णै, रत्नागिरी आणि शेवटी मालवण असा बेत तुम्ही मांडलाय. एवढ्या पावसात हे जमेल का, की दिवाळीपर्यंत थांबावं, असं विचारताय.

मी सोलापुरातून सहली नेतो आणि पावसाळ्यात कोकणात माणसं नेणं हे माझं नेहमीचं काम आहे. म्हणून सरळ सांगतो: जा, पण हा बेत घेऊन जाऊ नका.

तुम्हाला अडचण पावसाची वाटतेय. तुमचा बेत वाचून मला दिसते ती अंतराची. आपण सोलापूरकर सहल आखतो ती तुळजापूर-अक्कलकोट-पंढरपूरच्या हिशेबानं. नकाशावर सत्तर किलोमीटर दिसले की दीड तासात पोचलो, असं धरून चालतो. कोकणच्या किनाऱ्यानं हे गणित चालत नाही, कारण रस्त्याला खाड्या आडव्या येतात. बागमांडल्याला, दाभोळला, जयगडला गाडी जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीवर, चढवून पलीकडं नेता येते. पण वारा वाढला की फेरी थांबते, आणि मग समोर दिसणारं गाव गाठायला खाडीला वळसा घालून तास-दोन तास जातात. ऑगस्टमध्ये कोर्लई ते मालवण एका दमात करायचं म्हणजे पाच दिवस वायपरकडं बघत काढायचे. घरं आणि दीपगृहं गाडीच्या काचेतूनच दिसतील.

दुसरं म्हणजे तुमचे पाच दिवस हे पाच नाहीतच. सोलापूर ते रत्नागिरी मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट असा रस्ता साधारण साडेतीनशे किलोमीटरच्या पुढं जातो. पावसात, घाटाची सवय नसलेल्या माणसानं जाताना हे एका दिवसात करू नये, कारण घाट शेवटी, दमल्यावर येतो. म्हणजे जाताना एक मुक्काम वाटेत, आणि परतीचा दिवस पूर्ण गाडीत. हाताशी उरतात अडीच दिवस. या अडीच दिवसांत काय नीट बघता येईल, हा खरा प्रश्न आहे.

माझं उत्तर: एकच ठिकाण धरा, रत्नागिरी. तिथून जयगडपर्यंतचा पट्टा करा, बाकी सगळं सोडा. आणि दिवसाचा क्रम आधी ठरवू नका. पाऊस धरला की घरं बघा, उघडीप मिळाली की दीपगृह. सगळी युक्ती एवढीच आहे, आणि ती जमण्यासाठी दोन्ही गोष्टी मुक्कामापासून तासा-दीड तासाच्या आत असाव्या लागतात. रत्नागिरीला त्या तशा आहेत.

पाऊस म्हणजे किती पाऊस

हे आधी सांगायला हवं, कारण आपल्याला त्याचा अंदाज नसतो. सोलापुरात वर्षभरात जेमतेम साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीत तो तीन हजारांच्या वर जातो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवामान खातं एका दिवसात ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पावसाला ‘अति मुसळधार’ म्हणतं आणि त्याहून जास्तीला ‘अत्यंत मुसळधार’. म्हणजे तिकडच्या एका वाईट दिवसात आपल्या वर्षाच्या पावसाचा तिसरा हिस्सा पडून जातो. आपल्याकडं असा दिवस आला तर शहर बंद पडेल. तिथं दुकानं बहुधा उघडीच असतात.

पिवळा इशारा असेल तर खुशाल फिरा. नारिंगी असेल तर गावातल्या गावात. लाल असेल तर खोलीच्या बाहेर पडायचं नाही. आणि निघायच्या दिवशी लाल असेल तर निघायचंच नाही.

तारखा तुमच्या हातात असतील तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा सोडा आणि नारळी पौर्णिमेच्या पुढं सरका. जुलै आणि ऑगस्टची सुरुवात हा पावसाचा खरा जोर. श्रावण उतरणीला लागला की सरी येतात-जातात, मध्ये ऊन पडतं, आणि दीपगृहासाठी तीच वेळ हवी असते. मात्र गणपतीच्या आधीचा आठवडा टाळा. चाकरमानी गावाकडं निघालेले असतात, रस्ते भरतात आणि खोल्यांचे भाव बदलतात. सुट्टी पुढं ढकलता येत नसेल तर ऑगस्टच्या सुरुवातीलाही जा, फक्त रत्नागिरी आणि जयगड या दोन दीपगृहांपैकी एकच बघून होईल अशी मनाची तयारी ठेवा.

घरं पावसातच बघावीत

दिवाळीपर्यंत थांबावं का, याचं माझं उत्तर इथं आहे. समुद्र, बोटी, किल्ले यांसाठी दिवाळीनंतरचं कोकण चांगलं, यात वाद नाही. पण जुनं कोकणी घर कोरड्या दिवसात बघितलं तर त्याचं निम्मं काम दिसत नाही, कारण ते घर पावसासाठी बांधलेलं आहे.

आपल्याकडचं जुनं घर आठवा. जाड दगडी भिंती, वर माळवद, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. सपाट छप्पर, कारण पाणी थोडं. जाड माती, कारण उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि घर गार राहिलं पाहिजे. आपला वाडा उन्हाशी भांडतो, कोकणातलं घर पाण्याशी. त्यामुळं तिथं सगळं उलटं आहे. छप्पर तीव्र उताराचं, आणि ते भिंतीच्या बरंच बाहेर येऊन खाली झुकलेलं. इतकं खाली की दारात उंच माणसाला वाकावं लागतं.

पाऊस चालू असताना पडवीत उभ्या राहा आणि वळचणीकडं बघा. प्रत्येक कौलाच्या टोकातून एक पागोळी, म्हणजे पाण्याची धार, सुटते, अशी शेजारी शेजारी रांग. ती पडते जोत्याच्या बाहेर, भिंतीपासून दूर. जुन्या घरांत ती जिथं पडते तिथं चिऱ्यात सरळ रेषेत खळगे पडलेले दिसतात. त्या रेषेच्या आत जमीन कोरडी, बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, पाणी वाहतंय. घर बांधणाऱ्यानं वाऱ्याची दिशा, कौलांचा उतार आणि जोत्याची उंची यांचा हिशेब घातलेला असतो, आणि तो हिशेब त्या एका रेषेत दिसतो. नोव्हेंबरमध्ये तुम्हाला फक्त खळगे दिसतील, ते कशाचे हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

भिंती जांभ्याच्या. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे कापता येतात, आणि हवा लागली की तो घट्ट होत जातो. बाहेरून भिंत पावसानं काळपट, शेवाळलेली दिसते. आत ओटीवर गेलं की तोच दगड तांबूस. नैऋत्येकडून येणारी झड पडवीत घुसू नये म्हणून पावसाळ्यात त्या बाजूला नारळाच्या झावळ्यांची झापं बांधतात. आता बऱ्याच ठिकाणी झापांच्या जागी निळं प्लास्टिक दिसतं. फोटोला ते वाईट दिसतं, पण घरात राहणाऱ्याला फोटोशी काय देणंघेणं. पूर्वी स्वयंपाकघरात चूल असायची तेव्हा धूर माळ्यावरून कौलांतून निघायचा. त्यानं वासे आणि रिपा कोरड्या राहायच्या, कीड लागत नसे. गॅस आला आणि वासे खराब व्हायला लागले, असं तिथले म्हातारे सांगतात. ऐकायला गंमत वाटते, पण विचार केला तर पटण्यासारखं आहे.

आता कुठं बघायचं. रत्नागिरीत टिळक आळीत लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान आहे. १८५६ मध्ये त्यांचा जन्म झाला ते कौलारू घर शासनानं जपलंय आणि आत जाता येतं. घर मोठं नाही. इथं घाई करू नका, पाऊस असेल तर उलट थांबाच. दुसरं मालगुंडला, गणपतीपुळ्याच्या पलीकडं लगेच: कवी केशवसुतांचं जन्मगाव, जन्म १८६६ चा. त्यांच्या घराचं स्मारक केलंय. कोकणी घराची रचना समजून घ्यायला हे फार सोयीचं, कारण ओटी, माजघर, स्वयंपाकघर कुणाची अडचण न करता निवांत बघता येतं.

तिसरी वास्तू कोकणी नाहीच: थिबा राजवाडा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेल्या या वाड्यात तो १९१० मध्ये राहायला आला आणि १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. त्याआधी इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला नेऊन टाकलं होतं. म्हणजे आपला बादशहा तिकडं आणि त्यांचा राजा इकडं. वाडा तांबड्या रंगाचा, तीन मजली, वरच्या खिडक्या अर्धवर्तुळाकार आणि लाकडी नक्षीच्या. जांभा आणि उतरतं छप्पर कोकणाचं, खिडक्यांची नक्षी ब्रह्मी आणि एकूण डौल इंग्रजी बंगल्याचा. आत संग्रहालय आहे. शासकीय संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, तेव्हा तुमच्या अडीच दिवसांत सोमवार कुठं येतो ते आधी बघा. कोसळता पाऊस असेल तो दिवस या वाड्यासाठी ठेवा. थिबाची समाधीही शहरातच आहे.

राहता राहिली खाजगी घरं, आणि मला वाटतं तुमचा जीव त्यांच्यातच जास्त आहे. मालगुंड, गणपतीपुळे, जयगड, दक्षिणेला पावस, या गावांच्या आतल्या वाड्या-वस्त्यांत शंभरीच्या घरातली घरं आजही नांदती आहेत. गाडी मुख्य रस्त्याला लावून पाखाडीनं, म्हणजे चिऱ्यांच्या पायवाटेनं, चालत आत जा. पाखाडीचे चिरे पावसात भयंकर निसरडे असतात, गुडघ्याचा विचार करून पाऊल टाका. घर आवडलं तर गडग्याबाहेरून, म्हणजे दगडी कुंपणाबाहेरून, हाक द्या: “काकू, आम्ही सोलापूरहून आलोय, घर बाहेरून बघितलं तर चालेल का?” ‘बाहेरून’ हा शब्द महत्त्वाचा. नव्वद टक्के वेळा आत या म्हणतीलच, पण ते त्यांनी म्हणायचं. छत्री आणि चपला पागोळ्यांच्या बाहेर. पाय पुसून आत जा. सारवलेली जमीन असेल तर ओल्या पायांनी अजिबात नको, एका पाऊलखुणेसाठी त्या माउलीला परत सारवावं लागतं. ओटीपर्यंत जा, माजघरात बोलावल्याशिवाय नाही. फोटो विचारून. देव्हाऱ्याचा आणि घरातल्या बायकांचा काढू नका, हे मी तुम्हाला सांगायला नको. पाणी किंवा चहा पुढं आला तर नाही म्हणू नका. पैसे देऊ नका, वाईट वाटतं. आपल्याकडची शेंगाचटणी सोबत असू द्या. एक पुडी ठेवली की काकूंना आनंद होतो आणि तुम्हालाही मोकळं वाटतं.

मुक्कामही शक्यतो अशाच घरगुती ठिकाणी करा. फक्त फोनवर दोन गोष्टी विचारा: संडास घराला जोडून आहे की परसात, आणि वीज गेली तर काय सोय. पावसात दोन्ही फार महत्त्वाच्या होतात.

दाजींची दीपगृहं

यादी छाटावी लागेल. कोर्लईचं दीपगृह १९५५ चं, बघण्यासारखं आहे, पण ते अलिबागच्या बाजूला. ती सहल पुण्यावरून वेगळी करा. खांदेरीचं बेटावर आहे आणि या दिवसांत बोटी बंद असतात. हर्णैसाठी दापोलीत मुक्काम लागेल. उरतात रत्नागिरी आणि जयगड. दोन कमी वाटतील, पण नीट बघितली तर पुरतात.

रत्नागिरीचं दीपगृह रत्नदुर्गावर आहे. भगवती देवीचं मंदिर याच किल्ल्यात, म्हणून गावात भगवती किल्ला म्हणतात. किल्ला घोड्याच्या नालेच्या आकाराचा, आणि दीपगृह आहे तो भाग सिद्ध बुरुजाचा. इथं दीपगृह १८६७ पासून आहे. गाडी बरीच वर जाते, त्यामुळं गुडघ्याला त्रास कमी. जयगडचं दीपगृह गणपतीपुळ्याच्या पुढं, जयगड किल्ला आणि कऱ्हाटेश्वर मंदिराच्या परिसरात. मालगुंड वाटेवरच, म्हणजे तुमचं घर आणि त्यांचं दीपगृह एका दिवसात होतं.

लोकांना आत सोडण्याची वेळ बहुधा दुपारनंतरची आणि अंधार पडण्याआधीची असते. तिकीट किरकोळ, सुटे पैसे ठेवा. वेळ आणि सुट्टीचा दिवस आदल्या दिवशी गावात विचारून घ्या, कारण पावसाळ्यात तो बदलू शकतो आणि वारा जास्त असेल तर वरचा सज्जा बंद ठेवतात. बंद असेल तर हुज्जत घालू नका. खाली उभं राहून वारा जाणवत नाही, वर तो माणसाला ढकलतो. आतला जिना गोल असतो, आणि बहुतेक दीपगृहांत शेवटचा टप्पा उभ्या लोखंडी शिडीचा. ताई, तुम्ही शिडीच्या खालपर्यंत जा आणि तिथंच थांबा. चढणं जमेल, पण ओल्या चपलेनं उतरताना गुडघा दगा देतो.

वर काय बघायचं ते दाजींसाठी. भिंग म्हणजे एक अखंड काच नव्हे. कांदा आडवा चिरल्यावर दिसतात तशी काचेची एकात एक कडी बसवलेली असतात, प्रत्येक कड्याचा कोन वेगळा. दिव्यातून सगळीकडं फाकणारा उजेड ही कडी वळवून एका दिशेला लावतात. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२० च्या दशकात ही युक्ती काढली. त्यामुळं लहानसा दिवाही वीस-वीस सागरी मैलांवर दिसतो. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. जुन्या दीपगृहांत हे जडशीळ भिंग पाऱ्यावर तरंगत ठेवायचे, म्हणजे बोटानं ढकललं तरी फिरावं. दिवसा भिंगाभोवती पडदे ओढलेले दिसले तर ते का, असं तिथल्या कर्मचाऱ्यांना जरूर विचारा. उजेड बाहेर जातो त्याच वाटेनं ऊन आत येतं आणि आतल्या दिव्यावर एकवटतं, म्हणून ते पडदे. असा प्रश्न विचारणाऱ्याला ती माणसं मनापासून माहिती देतात. नुसती सेल्फी काढणाऱ्यांना ती कंटाळलेली असतात.

दीपगृह टेकडीवर का, याचा एक सोपा हिशेब: समुद्रसपाटीपासून दिव्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. तेवढ्या सागरी मैलांवर, थोडं अधिकच, क्षितिज असतं. शंभर मीटरवर दिवा असेल तर वीस मैलांच्या पुढं. किल्ल्याचा डोंगर आयता मिळाला की मनोरा ठेंगणा चालतो. कोकणात इतकी दीपगृहं किल्ल्यांवर का आहेत, याचं मला पटणारं उत्तर हेच.

आणि रात्र सोडू नका. प्रत्येक दीपगृहाची चमकण्याची लय ठरलेली असते, किती चमका आणि किती सेकंदांनी, आणि ती शेजारच्या दीपगृहाशी जुळत नाही. खलाशी तेवढ्यावरून ओळखतो की आपण कुठं आहोत. रात्री रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर जाऊन भगवती किल्ल्याकडं तोंड करून उभे राहा आणि घड्याळ लावून लय मोजा. रिमझिम चालू असेल तर आणखी चांगलं: कोरड्या हवेत दिवा नुसता लुकलुकतो, पण हवेत पाण्याचे कण असले की फिरणारा झोतच दिसतो. ही गोष्ट दिवाळीच्या सुट्टीत मिळत नाही.

समुद्राजवळ जाताना भरतीचा अंदाज असू द्या. तिकडचा जुना हिशेब असा की तिथीला पाऊणनं गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटे. हिशेब ढोबळ आहे, तासभर इकडंतिकडं होतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं. भांग असो वा उधाण, या दिवसांत पाण्यात उतरायचं नाही, घोट्यापर्यंतसुद्धा नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्यावर अख्खं जहाज येऊन रुतलं होतं. माणसाचं काय घेऊन बसलात.

रस्ता

यात मी थोडा कडक आहे. तुम्ही ज्या रस्त्यानं जाणार तो मिऱ्या-नागपूर महामार्ग आपल्या सोलापुरातूनच जातो, म्हणून लोकांना तो घरचा वाटतो. मिरजेपर्यंत तो तसा आहेही. पुढं दोन गोष्टी बदलतात.

पहिली कृष्णा आणि पंचगंगा. मिरज सोडल्यावर अंकलीला कृष्णा ओलांडावी लागते, पुढं कोल्हापूरजवळ पंचगंगा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हा सगळा पट्टा पाण्यात होता, रस्ते बंद होते. आपल्या दारात कोरडं ऊन असतं, त्यामुळं हे लक्षातच येत नाही. निघायच्या आदल्या रात्री दोन आकडे बघा. सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. बातम्यांत रोज येतात. इशाऱ्याच्या खाली आणि उतरती असेल तर निघा. इशाऱ्याजवळ आणि चढती असेल तर थांबा. जाताना पोचाल, पण परत येताना अडकाल.

दुसरी गोष्ट आंबा घाट. पहिल्या दिवशी कोल्हापूर किंवा फार तर घाटाच्या अलीकडच्या मलकापूरपर्यंत जाऊन मुक्काम करा आणि घाट दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर, नऊच्या सुमारास उतरा. रात्री, आणि संध्याकाळी दमून आल्यावर, नाही. धुकं असतं; दिवे लो बीमवर ठेवा, हाय बीमनं समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावायची पद्धत पडलीय ती सोडा, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय तेच कळत नाही. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक कमी. काचेवर आतून वाफ धरली की एसी लावा, थंडी वाजली तरी. आणि धबधबा दिसला म्हणून दरडीखाली गाडी थांबवू नका, फोटो काढणाऱ्यांच्या कितीही गाड्या तिथं उभ्या असल्या तरी.

दाजींना घाटाची खरंच धास्ती असेल तर गाडी कोल्हापुरात ठेवून एसटीनं खाली उतरा आणि रत्नागिरीत दोन दिवस रिक्षा किंवा भाड्याची गाडी घ्या. हे बऱ्याच जणांना कमीपणाचं वाटतं. मला ते शहाणपणाचं वाटतं; शिवाय दोघांनाही खिडकीतून घाट बघायला मिळतो.

किरकोळ, पण नडणारं

मासे खायच्या आशेनं जाऊ नका. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, त्यानंतरही समुद्र शांत होईपर्यंत ताजं कमीच मिळतं. त्याऐवजी टाकळा, भारंगी, फोडशी, अळू या पावसाळी भाज्या, कुळथाची पिठी-भात, घावने आणि सोलकढी मागा. घरगुती खाणावळीत आदल्या दिवशी सांगितलं तर करून देतात. श्रावण पाळत असाल तर प्रश्नच नाही.

आपले जाडजूड सोलापुरी टॉवेल घरी ठेवा. एकदा ओले झाले की तिथं चार दिवस वाळत नाहीत आणि बॅगेतले बाकीचे कपडे कुबट करतात. सुती पंचे न्या. सुती कपड्यांऐवजी लवकर वाळणारे कपडे, जीन्स शक्यतो नकोच. बूट नकोत, पट्ट्याच्या रबरी सॅन्डल हव्यात, तळवा खरबरीत. छत्री गावात ठीक. किल्ल्यावर वारा ती उलटी करतो, तिथं रेनकोट. तुमची गुडघ्याची गोळी आणि पट्टा हातबॅगेत ठेवा, डिकीत नाही.

खोली बुक करताना पावसामुळं रस्ता बंद झाला तर पैसे परत किंवा तारीख बदलून मिळेल का, हे आधी विचारा आणि व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. घरगुती मुक्कामवाले बहुधा तारीख बदलून देतात. जिथं नाही म्हणतील तिथं आगाऊ पूर्ण रक्कम भरू नका, नाहीतर पाणी वाढलेलं दिसत असूनही “पैसे वाया जातील” म्हणून माणूस निघतो.

मालवण या वेळी राहील. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटीही या दिवसांत बंद असतात, त्यामुळं ऑगस्टमध्ये तिथं जाऊन किल्ला किनाऱ्यावरूनच बघावा लागला असता. तो भाग दिवाळीनंतर वेगळा करा: देवगडच्या किल्ल्यातलं दीपगृह दाजींसाठी, सावंतवाडीचा राजवाडा आणि तिथली गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते, तुमच्यासाठी, मध्ये मालवण. रस्ताही वेगळा, कोल्हापूरहून राधानगरीवरून फोंडा घाटानं. तारखा ठरल्या की विचारा, त्या बाजूच्या मुक्कामांचं तेव्हा सांगतो.